वेलदोडा : पिकवायचा की वापरायचा?

(घोडबंदर रोड परिसरातील बागायतदार व महिला बचत गटांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



घोडबंदर रोडच्या दोन्ही अंगांना आज उंच इमारती उभ्या आहेत. तरीही ओवळे, भाईंदरपाडा, गायमुख या बाजूच्या आणि येऊरच्या डोंगरावरील काही कुटुंबांकडे अजून जमिनीचा तुकडा शिल्लक आहे. कोणाकडे दहा-वीस गुंठे भातखाचर आहे, कोणाकडे घरामागे आठ-दहा नारळ आहेत. जमीन थोडी आणि शहर दाराशी आले, म्हणजे साहजिकच मनात येते की, थोड्या जागेत जास्त पैसा देणारे पीक कोणते? अशा वेळी वेलदोड्याचे नाव हमखास निघते.

त्यालाही कारण आहे. केशर आणि व्हॅनिला यांच्या खालोखाल वेलदोडा हा महाग मसाला गणला जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये केरळातील पुट्टडी येथील लिलावात वेलदोड्याला किलोला ७,००० रुपये असा विक्रमी भाव मिळाला. ही बातमी सगळीकडे पोचली. तेव्हापासून “आमच्या नारळाच्या सावलीत वेलदोडा येईल का?” हा प्रश्न आम्हा विस्तार कार्यकर्त्यांना वारंवार विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर मी आरंभीच देतो. ठाण्याच्या खाडीकाठी वेलदोड्याची व्यापारी लागवड करू नये. रोप जगेल, पाने हिरवीगार दिसतील, पण बोंडे हाती लागणार नाहीत. मात्र वेलदोड्यापासून आपल्याला पैसा मिळणार नाही, असा याचा अर्थ नव्हे. तो मिळेल, पण शेतातून नव्हे, स्वयंपाकघरातून मिळेल. तो कसा, हेच आज आपण पाहू.

झाडाची ओळख

वेलदोडा, वेलची, इलायची ही एकाच मसाल्याची नावे. संस्कृतात त्यास एला म्हणतात. नावात ‘वेल’ असला तरी ही वेल नाही. आले, हळद यांच्या कुळातील हे बहुवर्षायू झाड असून जमिनीत गड्डे असतात व त्यांतून सहा ते बारा फूट उंचीचे पानांचे कोंब वर येतात. दक्षिणेकडील सह्याद्रीच्या ओल्या, सावलीच्या जंगलात हे झाड मूळचे आहे.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. खऱ्या वेलदोड्याचा फुलोरा शेंड्याला येत नाही. तो बुडख्यातून, गड्ड्याजवळून निघतो आणि त्याचा दांडा बहुधा जमिनीलगत पसरतो. बोंडेही तेथेच, मातीजवळ लागतात.

हे एवढ्यासाठी सांगतो की, बाजारात ‘इलायचीचे झाड’ म्हणून विकली जाणारी पुष्कळ रोपे वेलदोड्याची नसतातच. ती त्याच कुळातील अल्पिनिया नावाची शोभेची झाडे असतात. त्यांची पाने चुरगाळली की वेलदोड्यासारखा वास येतो, त्यामुळे विकणारा आणि घेणारा दोघेही फसतात. अल्पिनियाचा फुलोरा पानांच्या कोंबाच्या शेंड्याला येतो आणि त्यापासून बाजारातला वेलदोडा मिळत नाही. अंगणात सुवासिक पानांचे झाड म्हणून एखादे जरूर लावा. मात्र वेलदोड्याची बाग म्हणून अशी शंभर रोपे विकत घेऊ नका. केवळ पानाच्या वासावर विश्वास ठेवून गुंतवणूक करणे धोक्याचे आहे.

आपल्याकडे का येत नाही?

वेलदोड्यास समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० ते १,२०० मीटर उंची मानवते. घोडबंदरचा रस्ता खाडीपासून काही मीटर उंचीवर आहे आणि येऊरचा डोंगरही या पट्ट्याच्या खालीच राहतो.

दुसरा मुद्दा पावसाचा. आपल्याकडे पाऊस कमी नाही, दोन-अडीच हजार मिलिमीटर पडतो. पण तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि त्यानंतर मेअखेरपर्यंत जमीन कोरडी राहते. वेलदोड्यास वर्षभर विभागलेला पाऊस लागतो. विशेष म्हणजे, जानेवारी-फेब्रुवारीपासून बुडख्यातून फुलोऱ्याचे दांडे निघू लागतात, त्यावेळी व पुढे उन्हाळ्यात ओल आणि गारवा हवा असतो. केरळातील इडुक्की किंवा कर्नाटकातील कोडगू भागात उन्हाळी सरी पडतात आणि उंचीमुळे हवा थंड राहते. आपल्याकडे नेमक्या त्याच काळात ऊन तापते, विहिरी तळाला जातात आणि खाडीलगतचे पाणी मचूळ होते.

तिसरा मुद्दा सावलीचा. नारळाखाली सावली मिळते हे खरे, पण वेलदोड्यास नुसती सावली पुरत नाही. मोठ्या झाडांखालची दमट हवा आणि पालापाचोळ्याने भरलेली भुसभुशीत जमीन त्यास हवी असते.

आपल्या राज्याच्या सर्वांत जवळचा वेलदोड्याचा जुना मुलूख म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील शिरसीचा परिसर. तेथील शेतकरी घाटमाथ्यावरच्या सुपारीच्या बागांत वेलदोडा घेत आले आहेत. हा जिल्हा नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. म्हणजे त्या वेळी ‘आपल्या राज्यात वेलदोडा पिकतो’ असे म्हणणे बरोबर होते. राज्याची हद्द बदलली, पिकाची हद्द मात्र होती तेथेच राहिली. शिरसीसारख्या अनुकूल जागीही ‘कट्टे’ या विषाणुजन्य रोगाने या पिकाचे फार नुकसान केले आहे. अनुकूल हवेत ही स्थिती, तर प्रतिकूल हवेत काय होईल याचा विचार करावा.

भावामागची गोष्ट

आता सात हजार रुपयांच्या भावाकडे पाहू. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात मोठा पूर आला, दरडी कोसळल्या. पुढच्या उन्हाळ्यात पाऊस ओढला. माल कमी आला म्हणून २०१९ मध्ये भाव चढला. ज्यांच्या बागा वाहून गेल्या त्यांना या भावाचा काही उपयोग झाला नाही. पुढे दोन-तीन वर्षांत लागवड वाढली, माल वाढला आणि सरासरी भाव हजार रुपयांच्या आसपास खाली आला. वेलदोड्याचे रोप साधारण तिसऱ्या वर्षी फळावर येते. याचा अर्थ, २०१९ चा भाव ऐकून ज्याने लागवड केली त्याचा पहिला माल नेमका पडत्या भावात बाजारात गेला.

शिवाय या बाजारावर आपला एकट्याचा ताबा नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात वेलदोडा नेला गेला आणि आज तो देश निर्यातीत सर्वांत पुढे आहे. अरबी देशांतील कॉफीत वेलदोडा भरपूर घालतात, त्या बाजारासाठी भारत आणि ग्वाटेमाला यांची स्पर्धा चालते. आपल्याकडील पिकाचा मोठा भाग मात्र देशातच खपतो.

इडुक्कीतील सेबॅस्टियन जोसेफ या शेतकऱ्याचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. त्यांनी आपल्याच बागेतील जोमदार झाडे निवडून, ती वेगळी वाढवून ‘न्यल्लानी’ हा भरपूर उत्पन्न देणारा वाण तयार केला आणि तो त्या जिल्ह्यात सर्वदूर पसरला. या उदाहरणावरून काही शेतकरी न्यल्लानीची रोपे मागवू पाहतात. माझ्या मते त्यातून घेण्याचा धडा निराळा आहे. आपल्या हवेत जे येते त्यातच बारकाईने निवड करावी, हा तो धडा.

घरातील जुना वापर

वेलदोडा आपल्याकडे पिकत नसला तरी आपल्या घरात फार जुना आहे. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात वेलदोडा आणि करवंद यांवर मिळून एक संवाद आहे. त्या काळी वसई-ठाण्याचा हा मुलूखही पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. दूर दक्षिणेतला महाग मसाला आणि आपल्या डोंगरातले फुकटचे करवंद एकाच प्रकरणात बसलेले पाहून गंमत वाटते.

आयुर्वेदात दालचिनी, वेलची व तमालपत्र या तिघांना त्रिजात आणि त्यात नागकेशर मिळविल्यास चातुर्जात म्हणतात. खोकल्यासाठी वैद्य देतात त्या सितोपलादि चूर्णात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १ भाग असे प्रमाण असते. औषध म्हणून ही चूर्णे वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावीत. आपला आजचा विषय स्वयंपाकाचा आहे.

पुरणपोळी, मोदक, करंजी, श्रीखंड, खीर, शिरा, तिळगूळ, कोजागिरीचे दूध, कैरीचे पन्हे, रामनवमीचा सुंठवडा या सर्वांत वेलदोडा असतो. गोड पदार्थाचा जडपणा तो कमी करतो, अशी आपली समजूत आहे. जेवणानंतरच्या विड्यात तो मुखशुद्धीसाठी असतो. ठाणे-कल्याणकडील कायस्थ प्रभू घरांतून श्रावणात निनाव करतात. त्यात हरभऱ्याचे व गव्हाचे पीठ, गूळ, नारळाचे दूध आणि वर वेलदोडा-जायफळ असते. कल्याण-भिवंडीच्या कोकणी मुसलमान घरांतील बिर्याणीत अख्खा वेलदोडा पडतो. शेजारच्या कर्नाटकात हावेरीला वेलदोड्यांचे हार गुंफतात आणि ते सत्कारात पाहुण्यांच्या गळ्यात घालतात.

एक भेद मात्र ध्यानात असू द्या. गोडा मसाला किंवा मटणाच्या मसाल्यात घालतात ती काळपट, मोठी ‘मसाला वेलची’ निराळ्या झाडाची असते. ती सिक्कीम, दार्जिलिंग, नेपाळ या भागांत होते आणि भट्टीत वाळवताना तिला धुराचा वास लागतो. तिखट पदार्थास तो शोभतो, गोड पदार्थास नाही. स्वस्त मिळते म्हणून मोदकात मसाला वेलची घालू नये.

वास कोठे असतो?

वेलदोड्याचा सुवास त्याच्या दाण्यांतील उडून जाणाऱ्या तेलात असतो. सालीत तो नाममात्र असतो. साल ही दाण्यांची डबी आहे, एवढे समजले की वापराचे सर्व नियम आपोआप समजतात.

पहिला नियम : साल काढली की तेल उडू लागते. त्यासाठी वेलदोडा अख्खाच साठवावा. घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या व कोरड्या जागी, चुलीपासून दूर ठेवावा. तयार पूड आणून महिनोन् महिने वापरणे म्हणजे वास गेलेल्या मालाचे पैसे देणे होय.

दुसरा नियम : लागेल तेवढी पूड त्याच दिवशी करावी. दाण्यांबरोबर थोडी साखर घेऊन कुटले म्हणजे साखरेच्या खड्यांनी दाणे बारीक होतात आणि सुटलेले तेल साखर धरून ठेवते. आपल्या आज्या पाट्यावर हेच करीत असत.

तिसरा नियम : गोड पदार्थात पूड शेवटी घालावी. सारण किंवा पुरण चुलीवर आटत असताना पूड घातली तर वाफेबरोबर तेल निघून जाते. घरभर वास सुटतो आणि पदार्थात उरत नाही. भांडे खाली उतरवून सारण कोमट झाले की पूड घालावी. पुलाव-बिर्याणीत मात्र उलट रीत आहे. तेथे अख्खा वेलदोडा किंचित ठेचून तुपात टाकतात, त्याचे तेल तुपात उतरते आणि भातास लागते.

चौथा नियम : साल फेकू नये. सालींना चिकटलेला सुवास चहाच्या पत्तीस पुरतो. त्या चहाच्या डब्यात टाकून ठेवाव्यात.

खरेदी कशी करावी?

वेलदोडा काढणीनंतर भट्टीच्या खोलीत मंद उष्णतेवर वाळवतात. साधारण पाच किलो ओल्या बोंडांपासून एक किलो सुका वेलदोडा मिळतो. उन्हात वाळवल्यास हिरवा रंग फिका पडतो. पुढे चाळण्यांनी आकारावर प्रतवारी होते. आठ मिलिमीटर आणि त्यावरचा माल ‘बोल्ड’ म्हणून सर्वांत महाग विकला जातो.

परंतु मोठा आकार म्हणजे जास्त वास, असे नाही. आकाराचे पैसे दिखाऊपणासाठी असतात. ज्यास पूड करायची आहे त्याने सहा-सात मिलिमीटरचा, पण भरीव माल घेतला तर खर्च वाचतो आणि सुवासात उणेपणा येत नाही. परीक्षा अशी करावी :

१. मूठभर वेलदोड्यांतून न निवडता दहा उचला आणि फोडा. दाणे काळपट तपकिरी, किंचित चिकट आणि भरलेले असावेत. पांढरट, सुरकुतलेले दाणे म्हणजे कच्चा माल.

२. हातात घेऊन हलवून पाहा. पोकळ, फुटके वेलदोडे वेगळे काढून मोजा. दहांत दोनपेक्षा जास्त निघाले तर तो माल घेऊ नका.

३. बोटांवर चोळा. पांढरी भुकटी लागली तर तेल काढून घेतलेल्या मालावर शंखजिऱ्याची पूड चोळल्याची शंका घ्यावी. असा दाणा चावला तर चव अगदी फिकी लागते.

४. चार वेलदोडे पाण्यात थोडा वेळ ठेवा. पाण्यास गडद हिरवा रंग उतरला तर वरून रंग दिलेला आहे असे समजावे. नैसर्गिक हिरवा रंग असा सुटत नाही.

बचत गटांनी सणाच्या आदल्या दिवशी किरकोळ दुकानातून पुड्या आणू नयेत. चार-पाच गटांनी मिळून, श्रावणापूर्वी, एकत्र एक-दोन किलो खरेदी करून वाटून घ्यावी. नमुना आधी तपासावा आणि मग सौदा करावा.

खर्चाचा हिशेब

‘वेलदोडा महाग, म्हणून कमी घालू’ असे म्हणताना पुष्कळ भगिनी ऐकू येतात. हिशेब मांडून पाहू. भाव नेहमी बदलतो, तेव्हा उदाहरणादाखल किलोला ३,००० रुपये धरू. म्हणजे एक ग्रॅम वेलदोडा तीन रुपयांचा. सालीचे वजन वजा जाऊन १०० ग्रॅम वेलदोड्यातून सुमारे ७० ग्रॅम दाणे निघतात. तेव्हा दाण्यांचा ग्रॅम सुमारे सव्वाचार रुपयांना पडला.

प्रमाण साधारण असे ठेवावे. नारळ-गुळाच्या एक किलो सारणास २ ग्रॅम दाण्यांची पूड, म्हणजे मोठे बारा-तेरा वेलदोडे. एक किलो हरभरा डाळीच्या पुरणास ४ ग्रॅम पूड आणि अर्धे जायफळ. एक किलो श्रीखंडास दीड ग्रॅम. एक लिटर मसाला दुधास १ ग्रॅम.

एकवीस मोदकांना सुमारे सहाशे ग्रॅम सारण लागते, त्यास सव्वा ग्रॅम पूड पुरते. तिची किंमत पाच-साडेपाच रुपये. याचा अर्थ, एका मोदकामागे वेलदोड्याचा खर्च चार आणे येतो. उद्या भाव दुप्पट झाला तरी तो आठ आण्यांवर जाईल. एवढ्यासाठी हात आखडला तर गिऱ्हाईक पुढच्या वर्षी फिरकणार नाही. कृत्रिम वासाचे थेंबही घालू नयेत. घरचा पदार्थ म्हणून जो जास्त पैसे देतो, तो त्या अस्सल वासासाठीच देत असतो.

बाकी सर्व आपलेच

आता मोदकाचे किंवा पातोळ्यांचे साहित्य डोळ्यांसमोर आणा. तांदूळ आपल्या खाचरातला. नारळ घरामागचा. पातोळीस हळदीचे पान, ते आपल्या परसातले. उकड काढताना खाली घालायचे केळीचे पान बांधावरचे. गूळ विकत आणायचा. या सर्वांवर सुवासाचा हात फिरवणारा वेलदोडा तेवढा परगावचा पाहुणा. नारळ नुसता विकला तर त्यास बाजाराचा भाव मिळतो. तोच सारण होऊन मोदकात गेला तर कष्टाचे आणि हातगुणाचे पैसे मिळतात. वेलदोड्यापासून मिळणारा पैसा तो हाच.

आणि गिऱ्हाईक कोठे शोधायचे? ते याच रस्त्यावरच्या इमारतींत राहते. नवरा-बायको दोघेही नोकरीस जातात, गणपती घरी येतात, नैवेद्य मात्र रीतसर हवा असतो. मोदक करायला वेळ नाही आणि हळदीचे पान कोठे मिळेल हे ठाऊक नाही, अशी शेकडो घरे आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. कोडगूच्या मळेवाल्यास ही सोय नाही. त्याच्याकडे वेलदोडा आहे, आपल्याकडे खाणारी माणसे आहेत.

यासाठी जमिनीच्या तुकड्यावर पुढील गोष्टी कराव्यात, असे मी सुचवतो.

हळद : पानांसाठी परसात दोन-तीन वाफे वेगळे ठेवावेत. मेअखेर ते जूनच्या आरंभी गड्डे लावले की नागपंचमी-गणपतीच्या सुमारास पाने मिळतात. कंदाच्या पिकावरून मात्र सरसकट पाने ओरबाडू नयेत, कारण पाने गेली की कंद पोसत नाहीत.

जायफळ : पुरणात वेलदोड्याचा हा जोडीदार आपल्या कोकणात नारळाच्या सावलीत चांगला येतो. उन्हाळ्यात गोड्या पाण्याची सोय मात्र हवी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ व ‘कोकण स्वाद’ या जाती दिल्या आहेत. कलमेच लावावीत. बियांपासून केलेल्या रोपांत नर कोणता व मादी कोणती हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही आणि त्यात काही वर्षे फुकट जातात.

दालचिनी व काळी मिरी : विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात आणि नारळावर चढवण्यास ‘पन्नियूर-१’ मिरी घ्यावी. नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी यांची मिश्र लागवड करण्याची ‘लाखी बाग’ ही पद्धत रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने पुढे आणली आहे. आपल्याकडे जागा थोडी असल्याने लाखाचे आकडे मनात धरू नयेत, पण चार नारळांच्या चौकटीत मध्ये एक जायफळ सहज बसते.

पदार्थ विकणाऱ्या गटांनी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. डब्यावर तयार केल्याची तारीख घालावी. ओल्या नारळाचे सारण लवकर आंबते, म्हणून मोदक त्याच दिवशी विकावेत. उरलेले मोदक दुसऱ्या दिवशी ताजे म्हणून विकू नयेत. एकदा नाव गेले की ते कोणत्याही सुवासाने परत येत नाही.

शेवटचे दोन शब्द

काही जण म्हणतील, एक-दोन झाडे हौसेखातर लावून पाहिली तर काय बिघडले? काहीच बिघडत नाही. न्हाणीघराच्या पाण्यावर, दाट सावलीत, गोडे पाणी मिळत असेल तेथे वेलदोड्याची दोन झाडे लावा, पाहा, मुलांना दाखवा. दाट, दमट जागी एखादे बोंड लागलेच तर देवापुढे ठेवा. पण कर्ज काढून, नारळ तोडून किंवा भाताचे खाचर बुजवून वेलदोडा लावू नका. या रस्त्यावर जमिनीचा जो तुकडा आज हातात आहे तो पुन्हा मिळणारा नाही. चुकीच्या पिकात तीन-चार वर्षे गेली की माणूस थकतो आणि मग जमीन विकून टाकण्याचा सल्ला त्यास गोड वाटू लागतो. मला भीती आहे ती याची.

तेव्हा रोप विकत घेण्यापूर्वी त्याचा फुलोरा कोठून येतो ते विचारा. वेलदोडा विकत घेण्यापूर्वी दहा फोडून पाहा. पूड शेवटी घाला, साल चहात टाका आणि हिशेब वहीत लिहा. येत्या गणपतीत आपल्या गटाने केलेल्या मोदकांची वही पुढच्या बैठकीस घेऊन या. किती नारळ लागले, किती वेलदोडा लागला, किती मोदक विकले आणि हातात काय उरले हे आपण मिळून तपासू.